वाशी ते मोरा, दिवसाढवळ्या दिवा लावून

गाडी विकायला निघालो त्या सकाळीसुद्धा आईने तिला लिंबू-मिरची बांधलीच. संध्याकाळपासून ही मोटारसायकल मोरा बंदरावरच्या एका नाखव्याच्या (मासेमारी बोटीच्या मालकाच्या) दारात उभी राहणार होती. मग आपल्या घरचं लिंबू तिला कशाला, असं मी म्हणालो. आईने वर न बघता सांगितलं, "वाटंनं तर तुमीच बसणार न्हवं तिच्यावर?" एवढं बोलून तिने हेडलाइटच्या खाली हात घातला, तार गुंडाळली आणि पकडीने पीळ दिला. या विषयावर आईशी वाद घालण्यात काही अर्थ नसतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मी किक मारायला लागलो.

ही गोष्ट पंचाण्णव-शहाण्णवच्या सुमाराची. गाडी आमच्या आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. साडेतीनशेची जुनी फटफटी, इतकी जुनी की तिला इंडिकेटरसुद्धा नव्हते. वळायचं तर हात बाहेर काढायचा. आप्पा साताऱ्याकडून पोट भरायला आले, कांदा-बटाटा मार्केटात गोण्या वाहिल्या, पुढे टोळीचे मुकादम झाले आणि त्या आनंदात एका डॉक्टरची वापरलेली ही गाडी घेतली. आमच्या भावकीतली ती पहिली मोटारसायकल. वाशीत आम्ही फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा गृहप्रवेशाचा नारळ आधी दाराला की आधी गाडीला, यावर घरात भांडण झालं होतं.

लिंबू-मिरचीचा नेम तेव्हापासूनचा. शनिवार आला की आई जुनं लिंबू काढून टाकणार आणि नवं बांधणार. विकतचं तिला चालत नाही. लिंबू, मिरच्या आणि खाली बिब्बा ती स्वतः ओवते, आणि तेही दोऱ्यात नाही, तारेत. दोरा कुजतो, लिंबू गळून पडतं आणि ते अशुभ, असं तिचं म्हणणं. तार फुकटची असते. नव्या मुंबईत जिकडेतिकडे इमारती उठत होत्या, सळया बांधायची ती काळी बारीक तार रस्त्याच्या कडेला लागेल तेवढी पडलेली असायची. आई भाजी आणायला गेली की कोथिंबिरीबरोबर तारही घेऊन यायची.

आता आप्पांचं सांगतो, कारण हा सगळा प्रवास त्यांच्यामुळे घडला. आदल्या वर्षी एका तिन्हीसांजेला ते हायवेवरून आमच्या सेक्टरकडे डावीकडे वळत होते. मागून आलेल्या ट्रेलरने त्यांना उडवलं. गळ्याचं हाड मोडलं, पाय बरेच दिवस प्लास्टरमध्ये राहिला. ट्रेलरवाला काही पळून गेला नाही. त्यानेच त्यांना दवाखान्यात नेलं, पण तो शपथेवर सांगत होता की पुढे दिवा नव्हता, लाल नाही की पांढरा नाही. आप्पा म्हणाले, मी लाईट लावली होती. बघायला गेलं तर बटण बंद. कोणी म्हणालं, गर्दीतल्या माणसाने इंजिन बंद करताना सगळीच बटणं फिरवली असतील. मग आमच्या सेक्टरमधल्या मिस्त्रीने गाडी मधल्या स्टँडवर उभी केली, बटण दाबलं आणि दिवा लख्ख पेटला. मागचाही पेटला. झालं, सगळ्यांनी काय ते ठरवून टाकलं.

"इसरला असाल," आई म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. "वय झालं, व्हतं असं." आप्पा आधी भांडले, मग चिडले, मग बोलायचेच बंद झाले. पण त्यापुढे जे झालं ते मला बघवेना. ज्या माणसाने आख्ख्या टोळीची हजेरी तोंडपाठ ठेवली, तो दाराची कडी लावली का हे परत उठून बघायला लागला. गॅस बंद आहे का, ते मला विचारायला लागला. मार्केटात जाऊन जुन्या गड्यांत बसायचं त्यांनी सोडलं, गाडीला तर हातच लावला नाही. आपल्या डोक्यावरचा त्यांचा भरवसा उडाला होता. आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं की ते विसरलेच असतील. गाडी विकायची कल्पना माझीच. ताडपत्रीखाली तिला बघून त्यांना जास्त त्रास होतो, असा माझा हिशोब. ते नाही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "गाडी गेली की खरंखोटं बी गेलं."

तर आम्ही निघालो. हँडल माझ्याकडे, मागे आप्पा, त्यांच्या मांडीवर चपाती-ठेच्याची पिशवी. सोसायटीच्या गेटाबाहेर पडतानाच त्यांनी मला लाईट लावायला सांगितली. सकाळचं ऊन अंगावर येत होतं. मी म्हणालो, आप्पा, लोक हसतील. ते म्हणाले, नाखव्याला लाईट चालू आहे असा शब्द दिलाय, वाटेत टिकते का बघू. बोलण्यात तथ्य होतं. नाखवा पहाटे अंधारात बंदरावर जाणारा माणूस, त्याने निरोप धाडताना गाडी कशी पळते ते विचारलंच नव्हतं, फक्त दिवे चांगले आहेत ना एवढं विचारलं होतं. मी बटण दाबलं.

दिवसा दिवा लावून गाडी चालवणं काय असतं, ते ज्याने चालवली त्यालाच माहीत. तुर्भ्याच्या सिग्नलला पहिला रिक्षावाला. त्याने माझ्याकडे बघून हाताची पाची बोटं मिटली-उघडली, मिटली-उघडली. हायवेला लागलो तर समोरून येणारा टेम्पोवाला तेच करतोय. नेरुळच्या पुढे एका एसटीच्या खिडकीतून एका बाईने दोन्ही हात बाहेर काढून उघडमीट केली. एक स्कूटरवाला तर मुद्दाम वेग वाढवून शेजारी आला आणि ओरडला, "बॉस, लाईट चालू हाय." मी मान हलवली, हसलो, धन्यवाद दिले. बेलापूरच्या डोंगराखाली पोचेपर्यंत हसून हसून माझे गाल दुखायला लागले. या लोकांना दुसरी कामं नाहीत का, असं मी मागे वळून म्हणालोसुद्धा. आप्पा माझ्या खांद्यावरून पुढे बघत बसले होते.

उरण फाट्याला हायवे सोडला आणि रस्त्याचा नूरच पालटला. एका अंगाला खाडी, चिखलात उभे बगळे, दुसऱ्या अंगाला मिठागरं. मिठाचे ढीग गवताने शाकारून ठेवलेले. मधूनच एखादं गाव, कौलारू घरं, भिंतीवर निळा रंग आणि दारात वाळत घातलेली सुकट. आणि या सगळ्यामधून न्हावा शेव्याला जाणाऱ्या कंटेनरच्या रांगा. एकेका ट्रेलरच्या शेजारून जाताना आप्पांचा हात माझ्या खांद्यावर घट्ट व्हायचा आणि ट्रेलर मागे पडला की सैल व्हायचा. मी वेग कमी ठेवला. ट्रेलरवाल्यांनीही आम्हाला सोडलं नाही. उंच केबिनमधून हात बाहेर यायचा आणि बोटं उघडमीट करायची.

जासईच्या अलीकडे रस्त्याच्या डाव्या हाताला एक चहाची टपरी होती, पुढे बाकडी, शेजारी दोन-तीन ट्रेलर उभे. आप्पांचा पाय अवघडला होता. मी वेग अगदी कमी केला, हँडल डावीकडे वळवलं आणि गाडी रस्त्याखाली उतरवली. बाकड्यावर बसलेल्या एका ड्रायव्हरने आम्हाला येताना पाहिलं होतं. रिवाजाप्रमाणे त्याने हात वर केला, बोटं एकदा मिटली, आणि मग हात तसाच खाली घेतला. मी गाडी टपरीसमोर सरळ लावली. मला यात काही विशेष दिसलं नाही. त्याला कंटाळा आला असेल, दुसरं काय.

आप्पा मात्र गाडी थांबायच्या आत उतरले. लंगडत त्या ड्रायव्हरपुढे गेले आणि त्यांनी विचारलं, "हात खाली का केला?"

तो बिचारा गोंधळला. बीडकडचा माणूस, साध्या स्वभावाचा. भांडण काढायला आलेत की काय, असं त्याला वाटलं असावं. मी मध्ये पडून सांगितलं की तसं काही नाही, तुम्ही लाईटसाठी हात केला होता, तो मध्येच का थांबवला तेवढं सांगा. तेव्हा तो म्हणाला, "चालू व्हती म्हणून हात केला. तुमी आत वळला आन् ती गेली. म्हणलं, केली यांनी बंद."

मी बंद केली नव्हती. बटणाकडे पाहिलं, ते चालूच होतं. पुढे येऊन काचेवर हाताचा आडोसा धरून बघितलं, तर दिवाही पेटलेला. आप्पा माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी त्या ड्रायव्हरला हाताला धरून गाडीसमोर उभं केलं, दुसऱ्या एकाला मागच्या लाल दिव्यापाशी बसवलं आणि मला म्हणाले, "दिन्या, हँडल वळव."

उजवीकडे वळवलं. दिवा चालू. सरळ केलं, चालू. डावीकडे नेलं, निम्म्यावर गेलो तोवर चालू होता आणि टोकाशी पोचलो तसा दोघं एकदम बोलले, गेला. पुढचा गेला, मागचाही गेला. सरळ केलं की दोन्ही परत. मी किती वेळा हँडल फिरवलं कोण जाणे. टपरीवाला किटली हातात घेऊन बघायला आला. इंजिन मात्र एकदाही अडखळलं नाही, कारण इंजिनाची वायर वेगळी आणि दिव्यांची वेगळी. म्हणून चालवणाऱ्याला काही कळायला मार्गच नव्हता. आणि मिस्त्रीने गाडी तपासली ती हँडल सरळ धरून. सरळ धरलं तर ती जन्मभर पेटली असती.

आप्पा बाकड्यावर बसले. चहा आला तो त्यांनी हातात तसाच धरून ठेवला. त्या संध्याकाळी ते डावीकडेच वळत होते, हे मला मोठ्याने बोलायची गरज नव्हती. तरी मी बोललो, कारण मला राहवेना. त्यांनी मान डोलावली आणि उपरण्याने डोळे पुसले. मला स्वतःचा असा राग आला की काय सांगू. वर्षभर हा माणूस एकच वाक्य सांगत होता आणि आम्ही त्याला डोळ्यांचे थेंब आणि शक्तीची औषधं आणून देत होतो. ड्रायव्हरलाही सगळं सांगितलं. अंधारात पुढच्या गाडीचा लाल दिवा हाच आमचा डोळा, तो विझला की पुढे कोणी नाहीच असं आम्ही धरून चालतो, असं तो म्हणाला. त्यात त्याचा काही दोष नव्हता, तरी त्याने आप्पांच्या पायाला हात लावला. त्याच्या चहाचे पैसे आप्पांनी दिले. माझ्याकडे फक्त एक स्क्रू-ड्रायव्हर होता. काच उघडून आत बघितलं, बल्ब ठीक, बटणाचे जोड घट्ट. बिघाड कुठे आहे ते काही सापडेना, आणि मोऱ्याला शब्द दिलेला. पुढे निघालो.

पुढचा रस्ता मला फारसा आठवत नाही. करळ फाट्याचे एकावर एक रचलेले कंटेनर, द्रोणागिरीचा डोंगर, उरणचा बाजार, हे सगळं आलं आणि गेलं. एक आठवतं. लोक अजूनही हात करत होते आणि आता मी प्रत्येकाला हात वर करून सलाम करत होतो. मागे आप्पाही करत होते. उरणच्या पेठेत एका मासळीवालीने आमच्याकडे बघून बोटं उघडमीट केली, तर आप्पांनी तिला "बरं झालं, बाई" असं म्हटलं. ती चमकून बघत राहिली.

मोरा म्हणजे उरणच्या टोकाचं बंदर. इथून भाऊच्या धक्क्याला लाँच सुटते. ओहोटी होती. धक्क्याच्या पायऱ्या शेवाळासकट उघड्या पडल्या होत्या, बोटी चिखलात कलंडून बसल्या होत्या आणि समोर घारापुरीचं बेट हात लांबवला तर लागेल इतकं जवळ दिसत होतं. वासाबद्दल लिहीत नाही. आप्पांनी उपरणं नाकाशी नेलं आणि सभ्यपणाने परत खाली घेतलं. नाखव्याचं नाव हरेश. माझ्या ऑफिसातल्या एकाच्या ओळखीचा. पन्नाशीचा, काळाकभिन्न, दंड असे की आप्पांनाही कौतुक वाटलं. तो गाडी बघायला धावतच बाहेर आला आणि पहिलं काम म्हणजे त्याने हेडलाइटच्या काचेवरून प्रेमाने हात फिरवला. लाईट चालू आहे हे बघून तो खूष झाला.

आता मला सांगणं भाग होतं. आप्पांनी मला सांगू दिलं नाही, स्वतःच सांगितलं. गाडीला खोट आहे, डावीकडे वळलं की लाईट जाते, आत्ता वाटेत कळलं. आणि मग जे त्यांनी घरात कधीच एवढं सविस्तर सांगितलं नव्हतं ते त्या अनोळखी माणसाच्या अंगणात उभं राहून सांगितलं. ट्रेलर, हॉस्पिटल, बंद बटण, सगळं. नाखव्याने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "मंग काका, पयला ही खोट शोधू. गारीचा (गाडीचा) मागशी (नंतर) बघू."

त्याने घरातून एक जुना बल्ब आणला, त्याला दोन लांब वायरी जोडलेल्या आणि एका वायरीच्या टोकाला सुई. बोटीच्या इंजिनावर वीज कुठपर्यंत येते ते बघायची ही त्याची रीत. एक वायर त्याने गाडीच्या सांगाड्याला लावली, दुसरीची सुई मी बटणाच्या मागे टोचली. त्याचा बल्ब बारा व्होल्टचा आणि आमची बॅटरी सहाची, त्यामुळे तो मिणमिणता पेटला, पण पेटला. आप्पांनी हँडल डावीकडे वळवलं. विझला. म्हणजे बटणापर्यंत वीजच येत नव्हती. मग आम्ही मागे मागे जात राहिलो. बॅटरीपाशी टोचलं, हँडल कुठेही असो, पेटतोय. टाकीखाली टोचलं, पेटतोय. हँडलच्या मानेच्या अलीकडे टोचलं, पेटतोय. आता उरला तो वीतभर तुकडा, मान ते हेडलाइट, जिथे सगळ्या वायरींचा जुडगा वाकून वर जातो. आणि तिथे आमच्या आईचं लिंबू लटकत होतं.

"पयला ह्ये लिंबू कारू (काढू)," नाखवा म्हणाला. आप्पांनी त्याचा हात धरला. सकाळीच बांधलंय तिने, असं काहीतरी पुटपुटले. मग हात सोडला आणि पकड स्वतःच घेतली.

लिंबू निघालं, खाली तार होती. ती तोडली, तर तिच्याखाली दुसरी तार. ती गंजलेली. तिच्याखाली तिसरी. आई दर शनिवारी लिंबू तोडून टाकायची, पण तारेचा वेढा पकडीने इतका आवळलेला असायचा की तो सुटत नसे. मग ती त्याच्यावरच नवा वेढा घालायची. किती शनिवारांच्या तारा तिथे होत्या देव जाणे. गंजाने आणि लिंबाच्या रसाने त्या सगळ्या एक होऊन वायरींच्या जुडग्यावर वेटोळं करून बसल्या होत्या. आप्पा ते एकेक सोडवत होते आणि एकेक तुकडा ओट्याच्या पायरीवर ठेवत होते. सगळ्यात खालच्या वेढ्याने दिव्याच्या वायरीचं रबर कापलं होतं, आतलं तांबं हिरवं पडून तुटलं होतं. दोन टोकं नुसती एकमेकांना टेकून होती. हँडल सरळ असलं की टेकायची, डावीकडे गेलं की ओढली जाऊन सुटायची.

मला आधी हसू आलं. मग आप्पांकडे बघून ते गेलं. ज्या माणसावर संकट येऊ नये म्हणून तिने ती तार आवळली, त्याच्याच दिव्याचा गळा तिने आवळला होता. नाखव्याची आई ओट्यावर बसून जाळं विणत होती, ती सगळं बघत होती. आमच्या होरीला (होडीला) पन लिंबू हाय, एवढं ती म्हणाली आणि परत जाळ्याकडे वळली.

दुरुस्ती काय, दहा मिनिटांचीही नव्हती. हिरवं तांबं कापून टाकलं, आतलं लालचुटूक निघेपर्यंत सोललं, मध्ये नव्या वायरीचा तुकडा घालून पीळ दिला, वर पट्टी गुंडाळली. वायरीला थोडी ढील ठेवा, असं नाखवा म्हणाला आणि आप्पांनी ती ठेवली. मग हँडल डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. दिवा हलला नाही. त्यानंतर जेवण. तांदळाची भाकरी, मांदेलीचं तिखट कालवण आणि सोडे (सुकी कोळंबी) घातलेली वांग्याची भाजी. आप्पा घाटावरचे, त्यांना मासळीचे काटे काढता येत नाहीत. नाखव्याच्या बायकोने शेजारी बसून त्यांना मांदेली निवडून दिली. ते लहान मुलासारखे जेवले. आमचा ठेचा त्या घरात सगळ्यांनी चाखला आणि नाखव्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा आप्पा त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने हसले.

व्यवहाराचं मी काढलं. शब्द दिला होता, गाडी आता निर्दोष होती, न देण्याला कारण नव्हतं. आप्पा हात धुऊन येऊन उभे राहिले, गाडीकडे बघत नव्हते. नाखव्याने ते बघितलं. तो म्हणाला, "मना गारी होवी (मला गाडी हवी) हाय, ती कुठं पन मिलंल. ही तुमी घरा न्या, काका. घरच्यांना दाखवा." मी काही म्हणायच्या आत त्याने सुक्या बोंबलांची पुडी माझ्या हातात कोंबली. या माणसाची आणि आमची त्या दिवसाआधी ओळख नव्हती. त्यानंतर मी बरीच गावं हिंडलो, पण असं घर मला क्वचितच भेटलं. त्या माणसाचे उपकार मी आजही मानतो.

उन्हं कलता कलता निघालो. गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर आप्पा म्हणाले, मला दे. पाय दुखत नाही ना, असं मी विचारलं. त्यांनी नुसती किक मारली. पहिला मैलभर गाडी जरा दबकत चालली, ट्रेलर आला की ते कडेला घ्यायचे. मग जासई गेलं, टपरी गेली, मिठागरांवर लाली पसरली आणि त्यांचे खांदे खाली आले. बेलापूरपर्यंत अंधारून आलं होतं आणि आता आमच्याकडे बघून कोणी हात करत नव्हतं, कारण सगळ्यांचेच दिवे लागले होते. हायवे सोडायची ती डावीकडची वळणवाट आली. आप्पांनी हात दाखवला, वेग कमी केला आणि वळले. पुढच्या कठड्यावर आमच्या दिव्याचा उजेड पडला आणि वळण पूर्ण होईपर्यंत तिथेच राहिला. मी मागे वळून पाहिलं, रस्त्यावर लाल उजेडही होता.

आई खाली उभी होती. गाडी परत आलेली बघून, आणि हँडलावर कोण आहे ते बघून, ती आधी रागावली. वर गेल्यावर चहा ठेवला. वाटेत मी मनाशी ठरवलं होतं की आप्पांना बोलू द्यायचं. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मी सगळं सांगून टाकलं, हातवारे करून, रंगवून, आणि शेवटी खिशातून त्या गंजक्या वेढ्यांचं पुडकं काढून टेबलावर ठेवलं. तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. माझी अक्कल ती किती.

आईने ते वेढे हातात घेतले. एकेक करून बघितले. मग खुर्चीवर बसली आणि तिचा चेहरा असा झाला की मला पळून जावंसं वाटलं. "माझ्या हातानं," एवढंच ती म्हणाली. गॅसवर चहा उतू गेला, तो बंद करायला मीच उठलो.

आप्पांनी स्वतःच चहा गाळला, एक कप तिच्यापुढे ठेवला आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. वर्षभर वाट बघितलेला माणूस आता काय बोलणार, याची मलाच धास्ती वाटत होती. त्यांनी एक घोट घेतला.

"लाईट गेली," ते म्हणाले. "मागनं ट्रेलर आला. गाडी पडली, मी पडलो, हाडं मोडली. आन् तरी बी तुज्याम्होरं बसून च्या पितुया. मग लिंबानं त्याचं काम केलं का न्हाई?"

आई हसेल असं त्यांना वाटलं होतं, ती हसली नाही. तिने डोळ्याला पदर लावला, खाली केला आणि सरळ त्यांच्याकडे बघितलं.

"तुमी लाईट लावली हुती," ती म्हणाली.

"व्हय," आप्पा म्हणाले. "लावली हुती."